आपलाच कागद, आपलेच यंत्र, मग पोचवण्याचे शुल्क कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सहकारनगर, पुणे येथील एका वाचकाचे वडील ७९ वर्षांचे असून एका कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक छपाई त्यांना फार वेळ वाचवत नाही, म्हणून अमेरिकेतील थोरल्या मुलाने २०१० मध्ये त्यांच्यासाठी मोबाइल जाळ्यावर चालणारा किंडल (ॲमेझॉन कंपनीचे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र) पाठवला होता. तेव्हा घरून एखादा लेख त्यावर पाठवला की थोरल्याच्या कार्डावरून एमबीमागे जवळजवळ एक डॉलर कापला जाई. वडिलांना हे कळले आणि त्यांनी लेख मागणेच बंद केले. आता घरात वाय-फायवर चालणारा नवा किंडल आहे. पत्रलेखक दर शनिवारी संध्याकाळी निवडक लेख, दिवाळी अंकांच्या पीडीएफ आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते (वडील सोसायटीचे माजी सचिव आहेत) त्यावर चढवतात आणि त्यात तास-दीड तास जातो. अलीकडे थोरल्या भावाने महिना २४९ रुपयांची एक सेवा सुरू करून दिली आहे. ती ठरावीक संकेतस्थळांवरचे लेख गोळा करून रोज सकाळी परस्पर किंडलवर पाठवते आणि आपण दिलेली फाइलही पोचवते. फुकट चाचणीचा महिना संपत आला आहे. वडील म्हणतात, ‘आपलाच कागद आपल्याच यंत्रावर न्यायला ही जकात कशाला?’ भाऊ म्हणतो, ‘पैसे मी देतो, तू कशाला खपतोस?’ यंत्राचे पूर्ण पैसे मोजल्यावर कागद पोचवण्याचे वेगळे शुल्क देणे योग्य आहे का, आणि न दिल्यास तो नुसता चिक्कूपणा ठरेल का, असे पत्रलेखक विचारतात. यंत्रावर सध्या शंभरावर लेख न वाचता पडून आहेत, हेही ते जाता जाता सांगतात.

उत्तर:

तुमच्या वडिलांनी काढलेला जकातीचा मुद्दा आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाचा आहे, म्हणून तो आधी हिशेबानेच तपासू. पुण्याच्या नाक्यांवरची जकात २०१३ मध्ये बंद झाली. ती होती तेव्हा शहरात माल आणल्याबद्दल जकात भरावी लागे आणि ट्रकमधून तोच माल उतरवून घेण्याची हमाली वेगळी द्यावी लागे. जकात भरून आपले कोणतेही काम होत नसे, हमालीच्या बदल्यात मात्र पाठीवरचे ओझे खरोखरच कमी होई. तेव्हा शुल्क किती आहे हे विचारण्याआधी, त्या पैशांत आपले ओझे कोण आणि कुठून कुठपर्यंत वाहून नेत आहे, हे विचारलेले बरे. तुमच्या घरातून २०१० साली गेलेले डॉलर आणि आज मागितले जाणारे २४९ रुपये यांची उत्तरे या कसोटीवर अगदी निराळी येतात, आणि तुम्ही तिघेही त्या दोन्ही गोष्टी एकच धरून वाद घालत आहात असे मला पत्र वाचताना वाटले.

आधी जुन्या डॉलरांचे पाहू. अमेरिकेत नोव्हेंबर २००७ मध्ये पहिला किंडल आला तेव्हा त्यात वाय-फाय नव्हतेच. पुस्तके मोबाइल जाळ्यावरून यंत्रात उतरत आणि ग्राहकाला मात्र मासिक बिल येत नसे, कारण जाळे वापरण्याचे पैसे ॲमेझॉन मोबाइल कंपनीला भरत असे. विकत घेतलेल्या पुस्तकाचा वाहतूकखर्च पुस्तकाच्या किमतीतच धरलेला असे, पण ग्राहकाने स्वतःचा कागद पाठवला तर त्या फेरीचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न उरत होता. म्हणून आधी प्रत्येक कागदामागे १० सेंट असा दर ठेवण्यात आला आणि मे २००९ पासून अमेरिकेत एमबीमागे १५ सेंट घेतले जाऊ लागले. अमेरिकेबाहेर हा दर एमबीमागे ९९ सेंट होता आणि अपूर्णांक वरच्या पूर्णांकात धरला जाई, म्हणजे सव्वा एमबीचा लेख दोन एमबीच्या भावाने पडत असे. तो कागद मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून, परदेशातील वापराच्या दराने, खरोखर वाहून आणला जात होता. दर चढा होता हे मान्य केले, तरी ती हमाली होती. शिवाय ती टाळण्याची वाटही तेव्हा होती: वेगळ्या ‘फ्री’ पत्त्यावर फाइल पाठवली की ती किंडलला चालेल अशा रूपात बदलून ईमेलने विनाशुल्क परत येई आणि मग केबल लावून यंत्रात टाकता येई. तुमच्या भावाने ही वाट वडिलांना सांगितली असती तर कदाचित त्यांचे वाचन थांबले नसते, पण आता त्यावरून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

२०१० च्या उत्तरार्धात वाय-फाय असलेले किंडल आले आणि या शुल्कामागचे कारणच संपले. आज तुमच्या घरी फाइल येते ती ज्याचे बिल तुम्ही दरमहा भरताच त्या इंटरनेट जोडणीवरून. वडिलांना आवडेल असा हिशेब मांडू. साधा मजकुराचा लेख अर्ध्या एमबीचा धरला आणि रोज एक पाठवला, तर महिन्याला १५ एमबी होतात. आपल्याकडच्या साध्या मोबाइल पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी, म्हणजे सुमारे १,५०० एमबी मिळतात. अख्ख्या महिन्याचे वाचन एका दिवसाच्या पॅकच्या एक टक्क्यात बसते. ज्यांच्या घरी वाय-फाय नाही त्यांनी मोबाइलचा हॉटस्पॉट दोन मिनिटे सुरू केला तरी काम भागते. म्हणून केवळ पोचवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर वडिलांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: ती जकातच आहे आणि ती देऊ नये.

मात्र ‘फुकट’ या कल्पनेलाही थोडे तपासून घेणे आवश्यक आहे, कारण वाहतुकीचा हा खर्च नाहीसा न होता फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आहे. ॲमेझॉनवर स्वतःचे ई-पुस्तक प्रकाशित करणाऱ्या लेखकाने ७० टक्के मानधनाचा पर्याय निवडला, तर भारतातील विक्रीवर फाइलच्या प्रत्येक एमबीमागे ७ रुपये ‘डिलिव्हरी’च्या नावाने त्याच्या हिशेबातून वळते होतात. वाचकाला पुस्तक एका क्षणात मिळते आणि हमाली लेखक भरतो. आपल्या खासगी कागदांबाबत हा भार सध्या कंपनी उचलते, कारण आपण तिच्या दुकानात येत राहावे अशी तिची अपेक्षा असते. अशी सोय कराराने मिळालेला हक्क नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विकत घेतलेली पुस्तके संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने यंत्रात नेण्याची सोय ॲमेझॉनने काढून घेतली. लेख जमवून ठेवण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पॉकेट’ ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ती विनाशुल्क वापरणाऱ्यांबरोबर तिची वर्गणी भरणाऱ्यांनाही दुसरी सोय शोधावी लागली. पैसे भरले म्हणजे सोय टिकतेच, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. स्वतःच्या फाइली केबलने चढवण्याचा मार्ग मात्र अजून खुला आहे, तो घरात एकाला तरी येत असावा. त्यात एक साधी अडचण अनेकांना दमवते: मोबाइल चार्जरसोबत मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून फाइल जात नाही आणि संगणकावर किंडल दिसतच नाही. यंत्र बिघडले असे समजून दुकान गाठण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

आता वाय-फायवरून, एक पैसाही न देता फाइल पाठवण्याची पद्धत सांगतो, कारण तुमच्या पत्रातील ‘चढवतो’ या शब्दावरून तुम्ही दर वेळी केबलच लावत असावात असा माझा अंदाज आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो आणि तो यंत्राच्या सेटिंग्जमध्ये दिसतो. खात्यातील खासगी कागदांच्या विभागात मान्यताप्राप्त पाठवणाऱ्यांची यादी असते, तीत तुमचा स्वतःचा ईमेल पत्ता घालावा. यादीत नाव नसलेल्याने पाठवलेली फाइल यंत्रावर येत नाही, आणि ‘पाठवले पण आलेच नाही’ या तक्रारीचे सर्वांत साधे कारण हेच असते. त्यानंतर ईमेलला फाइल जोडून पाठवली की पुढच्या वेळी यंत्र वाय-फायला जोडले जाताच ती आपोआप उतरते. ईमेलने ५० एमबीपर्यंत फाइल जाते, आणि त्याहून मोठी असेल तर ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या पानावरून २०० एमबीपर्यंतची पाठवता येते. ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रचलित प्रकारातली फाइलही २०२२ पासून थेट स्वीकारली जाते. फोनवर किंडलचे ॲप असेल तर एखादी फाइल ‘शेअर’ करताना त्या ॲपचा पर्याय येतो आणि बसमध्ये बसल्या-बसल्याही ती पाठवता येते. ज्या वाचकांकडे कोबो हे दुसऱ्या कंपनीचे वाचनयंत्र आहे त्यांना काही प्रारूपांत ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्ह जोडण्याची सोय मिळते, आणि पॉकेटबुक या यंत्रालाही किंडलसारखाच ईमेल पत्ता असतो. ज्यांना रोज सकाळी बातम्यांचा गठ्ठा हवा आहे त्यांच्यासाठी ‘कॅलिबर’ ही संगणक-प्रणाली आहे. कोविद गोयल यांनी २००६ पासून घडवलेली ही प्रणाली विनामूल्य असून, ठरवून दिलेल्या वेळी निवडक संकेतस्थळांवरचे लेख गोळा करून त्यांचे पुस्तक बांधते आणि ईमेलने यंत्रावर पाठवते. भावाच्या २४९ रुपयांच्या सेवेचे बरेचसे काम ती करते, अट एवढीच की त्या वेळी संगणक सुरू असला पाहिजे आणि पहिल्या जुळणीसाठी एखादी दुपार खर्ची घालावी लागते.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, की मग माझा तास-दीड तास जातो कशात? याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पोचवण्याचे काम काही मिनिटांचे आहे. वेळ जातो तो फाइल वाचण्याजोगी करण्यात, आणि मराठी वाचकाच्या वाट्याला हे काम इंग्रजी वाचकापेक्षा कितीतरी जास्त येते. तुम्ही ज्या दिवाळी अंकांच्या पीडीएफविषयी लिहिता त्यांतल्या अनेकांची पाने युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटमध्ये, श्रीलिपी किंवा तत्सम प्रणालीत, जुळवलेली असतात, म्हणजे मराठी अक्षराच्या चित्रामागे संगणकात रोमन अक्षर किंवा चिन्ह नोंदलेले असते. संगणकाच्या पडद्यावर ती पाने देखणी दिसतात, कारण तिथे अक्षराचे चित्र जसेच्या तसे दिसते. पण ईमेलच्या विषयात इंग्रजीत ‘कन्व्हर्ट’ लिहून ती पीडीएफ किंडलसाठी बदलून घ्या, म्हणजे पहिल्याच परिच्छेदात रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी समोर येते. न बदलता पाठवावी, तर मोठ्या आकाराचे पान सहा इंचांच्या पडद्यावर मावण्यासाठी आक्रसते आणि अक्षर छापील अंकापेक्षाही बारीक होते. म्हणजे ज्या त्रासातून सुटण्यासाठी यंत्र घेतले, तोच त्रास पुन्हा वडिलांच्या डोळ्यांशी येऊन बसतो. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांची स्थिती याहून वेगळी नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही विनाशुल्क आहेत. पहिला उपाय पानाला चित्र मानूनच कापण्याचा. ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’ नावाची एक छोटी प्रणाली पीडीएफचे समास छाटते, दोन रकाने असतील तर ते वेगळे करून एकाखाली एक लावते आणि ओळी लहान पडद्याच्या रुंदीत बसवते. ती अक्षर ओळखण्याच्या फंदात पडत नसल्यामुळे फाँट कुठलाही असो, एकही जोडाक्षर फुटत नाही. उणीव एवढीच, की अक्षराचा आकार फाइल तयार करतानाच ठरतो आणि नंतर यंत्रावर वाढवता येत नाही, म्हणून पहिल्या वेळी दोन-तीन आकारांत एकेक पान काढून वडिलांनाच दाखवावे आणि त्यांनी पसंत केलेला आकार लिहून ठेवावा. दुसरा उपाय अक्षरे ओळखून घेण्याचा: पीडीएफ किंवा पानाचे छायाचित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडले, की चित्रातील देवनागरी मजकुरात उतरते आणि तिथूनच ती फाइल ईपब म्हणून उतरवून घेता येते. फाइल लहान असावी, शक्यतो एकेक लेख वेगळा करावा, कारण दोन रकान्यांचे पान असेल तर डाव्या रकान्यातले अर्धे वाक्य उजव्या रकान्यातल्या वाक्याला जाऊन चिकटते. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, अनुस्वार गळतात आणि पानाचा क्रमांक भर परिच्छेदात येऊन बसतो. एवढे हाताने दुरुस्त करावे लागते. कथा किंवा दीर्घ लेख असेल तर हा खटाटोप सार्थकी लागतो, पाककृती आणि राशिभविष्यासाठी मुळीच करू नये.

म्हणून चाचणीचे उरलेले दिवस एका नेमक्या परीक्षेसाठी वापरा. तुमच्याकडची सर्वांत त्रासदायक पीडीएफ, दोन रकान्यांची, जुन्या फाँटमधली, त्या सेवेकडे द्या आणि सकाळी यंत्रावर काय येते ते पाहा. वडिलांना वाचता येईल असे स्वच्छ मराठी पान आले, तर महिना २४९ रुपये, म्हणजे वर्षाला २,९८८ रुपये, ही खऱ्या कामाची मजुरी आहे, आणि ती देण्यात वडिलांच्या तत्त्वालाही बाध येत नाही. पण त्या सेवेने तीच खिचडी ताटात वाढली, तर तिने अवघड काम तुमच्याकडेच ठेवून फक्त सोपे काम स्वतःकडे घेतले आहे, असा अर्थ होतो. अशा सेवा मुख्यतः इंग्रजी संकेतस्थळे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या असतात, त्यामुळे मला दुसऱ्या निकालाची शक्यता अधिक वाटते. तरी निकाल तुमच्या फाइलवरून लागू द्या, माझ्या अंदाजावरून नको.

अशी वर्गणी कुणीच भरू नये असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे संगणक नाही, जो कामासाठी रोज पंधरा-वीस इंग्रजी लेख वाचतो, किंवा ज्याला लेखांवरील खुणा आणि टिपणे एका जागी जमवून हवी आहेत, त्याने अशा सेवेचे पैसे मोजले तर तो फसला असे होत नाही. तेथे शुल्क पोचवण्यासाठी नसून निवडणे, स्वच्छ करणे आणि जपून ठेवणे यांसाठी आहे. वर्गणी भरणाऱ्यांनी तीन गोष्टी मात्र पाहाव्यात. सेवा बंद केली तर जमवलेले लेख आपल्याला एका फाइलमध्ये परत मिळतात का? ज्या नियतकालिकांचे लेख ती पाठवते, त्यांची परवानगी किंवा आपली स्वतःची वर्गणी त्यामागे आहे का? आणि पैसे आपोआप कसे कापले जातात? भारतीय कार्डावर किंवा यूपीआयवर असा आवर्ती हप्ता असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि हप्ता तेव्हाच थांबवता येतो. तुमच्या बाबतीत कार्ड अमेरिकेतील भावाचे आहे, त्याला हा नियम लागू नाही. म्हणून बंद करायचे ठरल्यास चाचणी संपण्याआधी त्याच्याकडूनच रद्द करून घ्या, आणि त्या सेवेचा पत्ता मान्यताप्राप्त पाठवणाऱ्यांच्या यादीतून काढायला विसरू नका.

सोसायटीची इतिवृत्ते आणि वडिलांचे वैद्यकीय अहवाल यांबाबत मी थोडा अधिक कडक आहे. थकबाकीदारांची नावे आणि त्यांच्याकडील रकमा ज्या कागदावर आहेत, तो कागद तिऱ्हाईत सेवेच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही. ईमेलने पाठवलेली फाइलही किंडलच्या खात्यात साठून राहते, आणि यंत्र भावाच्या अमेरिकेतील खात्यावर नोंदलेले असेल, तर पाण्याच्या टाकीच्या गळतीवर झालेली पाऊण तासाची चर्चा त्याच्याही संग्रहात जाऊन बसत असेल. अशा कागदांपुरती केबलच वापरा. लेखांच्या बाबतीत, १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम खासगी वाचनासाठी उचित वापराची मुभा देते, त्यामुळे स्वतः विकत घेतलेल्या अंकातील लेख वडिलांच्या यंत्रावर टाकताना संकोच करू नये. तीच पीडीएफ चाळीस नातेवाइकांच्या गटात टाकणे ही निराळी गोष्ट आहे, आणि दिवाळी अंक दर वर्षी कसाबसा खर्च भरून काढणाऱ्या संपादकांचा विचार करता ती करू नये असेच मी सांगेन.

राहिला भाऊ. त्याच्या ‘तू कशाला खपतोस’ या वाक्याने तुम्ही दुखावलात हे पत्रात थेट लिहिलेले नाही, तरी ते दोन ठिकाणी जाणवते. तुम्ही दर आठवड्याला निवड करता, आणि त्या निवडीमागे वडिलांना काय रुचेल याची तुम्हाला असलेली जाण असते. ते काम यंत्राला २४९ रुपयांत देता येते असे कुणी म्हटले, की टोचणारच. पण भावाच्या बाजूनेही पाहा: पंधरा वर्षांपूर्वी त्याने पाठवलेली भेट त्याच्याच कार्डावरच्या कपातीमुळे वडिलांनी बाजूला ठेवली, आणि दूर राहून वडिलांसाठी काही करण्याचे मार्ग त्याच्याकडे फारसे नाहीत. त्याने देऊ केलेले पैसे परत करण्यापेक्षा ते वेगळ्या ठिकाणी वळवा. वर्षाच्या २,९८८ रुपयांत मराठी ई-पुस्तके बऱ्यापैकी येतात. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळतात, आणि अशा विकत घेतलेल्या पुस्तकांत अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ना रकाने कापावे लागतात ना रफार शोधावे लागतात. शिवाय त्यांतला काही वाटा लेखकापर्यंत पोचतो. पुस्तके भावाने निवडावीत. वडिलांशी रविवारी फोनवर बोलायला त्याला विषयही मिळेल.

आणि तुम्ही सहज लिहिलेली ती ओळ, शंभरावर लेख न वाचता पडून असल्याची, मला संपूर्ण पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली. वडील आठवड्याला किती वाचतात हे तुम्ही किंवा भावाने त्यांना विचारल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. रोज सकाळी दहा लेख आपोआप येऊन पडू लागले, तर ढीग वाढेल आणि त्याच्याबरोबर ‘मागवलेले वाचून झाले नाही’ ही रुखरुखही वाढेल. जमेच्या बाजूला शिल्लक साचत गेलेली हिशेबनिसाला चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांच्याशेजारी बसून यादी उघडा, नको असलेले लेख त्यांनाच काढून टाकू द्या, आणि जे ठेवतील त्यावरून त्यांची खरी आवड आणि खरा वेग दोन्ही कळतील. आठवड्याला तीन लेख आणि एक दीर्घ कथा एवढेच पुरेसे आहे असे निघाले, तर तुमचे काम वीस मिनिटांवर येईल आणि सेवेचा प्रश्नच उरणार नाही. त्यांनी स्वतःहून अधिक मागितले, तर कॅलिबरची जुळणी करून द्या आणि फोनवरून लेख ‘शेअर’ करायला त्यांनाच शिकवा. सोसायटीचे सचिवपद सांभाळलेल्या माणसाला पाच टप्प्यांची कृती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिली तर ती नक्की जमते, आणि तो कागद फ्रिजवर लावला तर तुम्हाला फोन करून विचारण्याची वेळही सहसा येत नाही. चाचणीचा महिना संपण्याआधी तुमच्या हातात अजून एक शनिवार असेल, तर जुन्या फाँटच्या पीडीएफची परीक्षा आणि या यादीची छाननी दोन्ही त्याच दिवशी उरका, म्हणजे भावाला फोन करताना तुमच्याकडे ठाम उत्तर असेल.